विद्येसाठी ठेवलेले धन आणि त्यावरचे तंटे

(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी आपल्यापैकी कोणीतरी चार शब्द बोलते. यंदा ती पाळी माझ्यावर आली. विषय मृत्युपत्राचा घेते, असे मी कार्यकारिणीत सांगितले तेव्हा दोघीतिघींनी तोंडाला पदर लावला. वर्धापनाच्या दिवशी, बाई, मरणाचे कशाला काढता, असे एकीने म्हटलेही. आपल्याकडे मृत्युपत्र लिहायचे म्हणजे यमाला आवतण धाडण्यासारखे समजतात. परंतु मला बोलायचे आहे ते मरणाबद्दल नव्हे. माणूस गेल्यावर मागे जो कागद उरतो त्याबद्दल बोलायचे आहे, आणि त्यातही एकाच तऱ्हेच्या कागदाबद्दल. कोणी आपले धन विद्येसाठी, एखाद्या विद्यापीठासाठी म्हणून ठेवते, आणि मग ते धन तिथवर पोहोचते की वाटेतच अडते, एवढीच आजची गोष्ट.

मी शिकलेली सातवीपर्यंत. कायद्याची पुस्तके मी वाचलेली नाहीत. माझी थोरली लेक अमरावतीला कायद्याचे शिक्षण घेते. सुट्टीत ती घरी आली, की मी ज्वारी निवडायला बसते आणि ती पुस्तक घेऊन समोर बसते. तिने वाचायचे आणि मी मध्येमध्ये अडवायचे, असा आमचा पाठ चालतो. माझ्या अडवण्याला ती कंटाळते, तो भाग वेगळा. मला जेवढे नीट उमगले तेवढेच मी आज इथे आणले आहे.

पहिली गोष्ट आपल्या विदर्भातलीच घेते. नागपूरजवळ कामठी आहे हे सर्वांना ठाऊक आहे. तिथे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण म्हणून एक खाणमालक होऊन गेले. १९३० सालच्या मृत्युपत्राने त्यांनी आपली मोठी मालमत्ता नागपूर विद्यापीठाला दिली. हे विद्यापीठ तेव्हा अवघे सात वर्षांचे होते, १९२३ साली स्थापन झालेले. रक्कम सुमारे पस्तीस लाख रुपयांची. भगिनींनो, त्या काळचे पस्तीस लाख! आणि देताना नुसते "विद्यापीठाला दिले" म्हणून ते थांबले नाहीत. उपयोजित विज्ञान आणि रसायनशास्त्र शिकवण्यासाठी हा पैसा आहे, असा हेतू त्यांनी घालून दिला. त्या देणगीतून नागपूरला लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली ती १९४२ साली. म्हणजे कागद झाल्यापासून मुले वर्गात बसेपर्यंत बारा वर्षे गेली. तेलाचे, रंगांचे, रसायनांचे शिक्षण घेऊन तिथून मुले बाहेर पडू लागली. पुढे २०२३ साली त्या संस्थेचे स्वतःचेच विद्यापीठ झाले. ज्या विद्यापीठाला धन दिले होते त्याचेही नाव मध्यंतरी बदलले, २००५ पासून ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नावाने ओळखले जाते. नावे बदलली, घरे बदलली, पण हेतू स्वच्छ लिहिलेला होता म्हणून शास्त्राचा पैसा शास्त्राकडेच राहिला. हे "हेतू स्वच्छ लिहिणे" मनात धरून ठेवा, पुढे लागणार आहे.

हे झाले पोहोचलेल्या धनाचे. न पोहोचलेल्या धनाची जी गोष्ट लेकीने मला सांगितली ती थेट अमेरिकेतली आहे. एवढ्या लांबची गोष्ट मी पातुरात का सांगते आहे? ती एका बाईची आहे म्हणून, आणि विद्यापीठाच्या वारशावरून जे जे तंटे होतात ते सगळे त्या एकाच खटल्यात सापडतात म्हणून. तिकडे तो "मोठ्या मृत्युपत्राचा खटला" याच नावाने प्रसिद्ध आहे.

न्यूयॉर्क राज्यात इथाका नावाचे गाव आहे. तिथे एझ्रा कॉर्नेल या गृहस्थाने १८६५ साली विद्यापीठ स्थापिले, तेच कॉर्नेल विद्यापीठ. १८६८ साली ते उघडले तेव्हा जेनी मॅकग्रॉ नावाच्या मुलीने त्याला नऊ घंटांचा संच भेट दिला. तिचे वडील जॉन मॅकग्रॉ लाकडाचे मोठे व्यापारी होते. तिची आई लहानपणीच गेलेली. १८७७ साली वडीलही वारले आणि सगळी दौलत या एकुलत्या एका मुलीकडे आली. प्रकृतीने ती फार नाजूक होती, क्षयाची बाधा होती. त्या काळी क्षयाला औषध नव्हते, हे आपल्या आजीपणजींच्या तोंडून आपणही ऐकले आहे.

वयाच्या चाळिशीत, १८८० साली, तिने लग्न केले. नवरा त्याच विद्यापीठाचा ग्रंथपाल, विलर्ड फिस्के. मोठा विद्वान, उत्तरेकडील देशांच्या भाषा जाणणारा, पुस्तकांचा वेडा. पण पैशाने बेताचाच. लग्न बर्लिनला झाले. पुढच्याच वर्षी, १८८१ च्या सप्टेंबरअखेर, जेनी इथाकाला परत येऊन वारली. तिने गावात मोठे थोरले घर बांधायला घेतले होते. त्यात राहणे काही तिच्या नशिबी आले नाही.

तिचे मृत्युपत्र निघाले. नवऱ्याला तीन लाख डॉलर. चुलत भावंडांना त्यांचे त्यांचे. विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी दोन लाख, विद्यार्थ्यांच्या इस्पितळासाठी चाळीस हजार, वडिलांच्या नावाच्या इमारतीच्या देखभालीसाठी पन्नास हजार. आणि या सगळ्यातून जे उरेल तेही विद्यापीठालाच. सगळे मिळून विद्यापीठाच्या वाट्याला दहा लाख डॉलरांच्या वर जाणार होते. मुळात कोणाचीच तक्रार नव्हती. नवऱ्याने आपला वाटा घेतला, विद्यापीठ ग्रंथालयाचे नकाशे काढायला लागले.

मग बिनसले कुठे? पैशावर बिनसले नाही, माणसांवर बिनसले. फिस्के आणि विद्यापीठाचे कारभारी, म्हणजे अध्यक्ष अँड्र्यू व्हाइट आणि विश्वस्त हेन्री सेज, यांच्यात कुरबुरी सुरू झाल्या. मन एकदा दुखावले, की माणूस कागद बारकाईने वाचू लागतो, हे आपल्या भाऊबंदकीतही आपण पाहतोच. १८८३ साली फिस्केच्या कानावर आले, की विद्यापीठाच्या सनदेत एक अट आहे: या विद्यापीठाने तीस लाख डॉलरांहून जास्त मालमत्ता बाळगू नये. दुसरे असे, की त्या राज्यात १८६० सालचा एक कायदा होता. ज्याला नवरा, बायको, मूल किंवा आईबाप आहेत त्याने आपल्या धनापैकी निम्म्याहून जास्त धर्मादाय संस्थेला मृत्युपत्राने देऊ नये, असा तो कायदा. झाले! फिस्के कोर्टात गेला, पाठोपाठ जेनीची चुलत भावंडेही गेली.

इथे मी लेकीला अडवले. म्हटले, संस्थेला जास्त पैसा मिळाला तर कायद्याचे काय बिघडते? तिने सांगितले ते मला पटले. जुन्या काळी युरोपात मठ आणि चर्च यांच्याकडे जमिनी जमत गेल्या. संस्थेला मरण नसते, म्हणून एकदा तिच्या हाती गेलेली जमीन पुन्हा बाजारात येत नाही. ती मेलेल्या हाताच्या मुठीत गेली, असे ते म्हणत. शिवाय मरणशय्येवर घाबरलेल्या माणसाकडून घरच्यांना सोडून दान लिहून घेतले जाई. त्याला आळा म्हणून असे कायदे झाले. आपल्या देशातही ख्रिस्ती लोकांसाठी या वळणाचे एक कलम होते. पुतण्या किंवा त्याहून जवळचा नातलग असेल, तर धर्मादायाला देण्याचे मृत्युपत्र मरणापूर्वी निदान एक वर्ष आधी झालेले असावे, अशी अट होती. ती अट सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली रद्द ठरवली. हिंदूंना ती कधीच लागू नव्हती.

खटल्याकडे येते. प्रश्न असा पडला, की जेनी वारली त्या दिवशी विद्यापीठाकडे तीस लाखांची मालमत्ता होती की नव्हती? विद्यापीठ म्हणे, नव्हती. एझ्रा कॉर्नेलने विद्यापीठासाठी विस्कॉन्सिनकडे घेऊन ठेवलेली पाइनची जंगले धरायची की नाही, यावर घोडे अडले. जंगले धरली तर मर्यादा ओलांडली जात होती. विद्यापीठाने १८८२ साली ती मर्यादा सरकारकडून उठवूनही घेतली होती. परंतु कोर्ट म्हणाले, बाई वारली १८८१ साली. ज्या दिवशी तिने डोळे मिटले त्या दिवशी जो कायदा होता तो खरा.

१८८६ साली पहिला निकाल विद्यापीठाच्या बाजूने लागला. १८८७ साली वरच्या कोर्टात तो फिरला, १८८८ साली राज्याच्या सर्वांत वरच्या कोर्टाने तेच कायम केले. शेवटी १८९० च्या मे महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठाविरुद्ध निकाल दिला. बाई जाऊन नऊ वर्षे होत आली होती. तिने जे पुस्तकांसाठी आणि आजारी मुलांसाठी ठेवले होते ते नवऱ्याकडे आणि नातलगांकडे गेले.

आता याबद्दल लोक फिस्केला दोष देतात. मला विचाराल तर निम्मा दोष कारभाऱ्यांचा आहे. ज्याच्या बायकोच्या पैशावर आपण इमारती उठवणार, त्याला बरोबर घेऊन बसायचे एवढी रीत त्यांना सुचू नये? आपल्याकडे लग्नात एका मानाच्या नारळावरून व्याही रुसतो, तसेच हे. हा नारळ मात्र दहा लाखांचा होता. हेन्री सेज हा माणूस वाईट नव्हता, हेही सांगितले पाहिजे. याच सेजने मुलींना मुलांच्या बरोबरीने शिकवाल तर पैसा देतो, असे म्हणून त्या विद्यापीठात मुलींसाठी मोठे वसतिगृह बांधून दिले होते, १८७५ च्या सुमारास. खटला हरल्यावर ग्रंथालयही त्याने स्वतःच्या पैशाने उभे केले आणि १८९१ साली ते उघडले. चांगली माणसेच एकमेकांशी भांडली, म्हणून तर खटला एवढा लांबला.

फिस्के पुढे इटलीत जाऊन राहिला आणि त्या पैशातून आयुष्यभर पुस्तके जमवत राहिला. १९०४ साली तो वारला. त्याचे मृत्युपत्र उघडले तर काय? जमवलेली सगळी दुर्मिळ पुस्तके आणि मालमत्तेचा मोठा भाग त्याच कॉर्नेल विद्यापीठाला दिलेला! त्याला पुरलेही तिथेच, विद्यापीठाच्या प्रार्थनामंदिरात, जेनीच्या शेजारी. हे ऐकून माझे निवडणे थांबले. ज्वारीत खडे तसेच राहिले म्हणून रात्री घरात बोलणी बसली, ती मी मुकाट्याने ऐकून घेतली.

जेनीच्या कागदातले शब्द चोख होते. घेणाऱ्याला तेवढे घेण्याचा अधिकार आहे का, हे कोणी पाहिले नाही, आणि घरचा माणूस दुखावला गेला. उलट कधीकधी शब्दच मोघम असतात आणि तिथेच घात होतो. याचे उदाहरण आपल्या मुंबईच्या हायकोर्टातले आहे. ते विद्यापीठाचे नाही, देशकार्याचे आहे, तरी न्याय तोच. विठ्ठलभाई पटेल, सरदार पटेलांचे थोरले बंधू, १९३३ साली ऑक्टोबरात जिनिव्हाजवळ वारले. त्यापूर्वी काही दिवस त्यांनी मृत्युपत्र केले. इतर देणी वजा जाता जो मोठा भाग उरेल तो सुभाषचंद्र बोस यांच्या स्वाधीन करावा, आणि त्यांनी तो भारताच्या राजकीय उन्नतीसाठी, विशेषतः परदेशातल्या प्रचारासाठी खर्च करावा, असा त्याचा आशय. देणारा केवढा मोठा, घेणारा केवढा मोठा, हेतू केवढा मोठा! पण १९३९ साली हायकोर्टाने काय म्हटले? हे धन सुभाषबाबूंना स्वतःचे म्हणून दिलेले नाही, कामासाठी दिलेले आहे. आणि "राजकीय उन्नती" हे काम इतके मोघम आहे, की कोर्टाला त्यावर देखरेख ठेवता येणार नाही. म्हणून ती तरतूद रद्द. अपिलातही तेच कायम राहिले आणि धन वारसांकडे आले. कामठीच्या रावबहादुरांनी रसायन म्हटले म्हणून पोहोचले, विठ्ठलभाईंनी उन्नती म्हटली म्हणून अडले. शिक्षणाचा हेतू कायद्याला धर्मादाय म्हणून मान्य असतो, आणि तो थोडा इकडेतिकडे झाला तरी कोर्ट जवळचे काम शोधून पैसा तिकडे लावते. राजकारणाला ती सवलत नाही.

एवढे सगळे मी का खोदत बसले, हे आता सांगते. आपल्याच मंडळात एक वडीलधाऱ्या आजी आहेत. नाव घेत नाही, पण ओळखणाऱ्या ओळखतील. यजमान जाऊन पुष्कळ वर्षे झाली, मूलबाळ नाही. चार एकर वावर, गावातले एक घर, बँकेत थोडी मुदत ठेव. रेणुकामातेच्या टेकडीवर नवरात्रात आम्ही बरोबर जातो. मागल्या नवरात्रात पायऱ्या चढताना दम खायला बसलो, तेव्हा त्या मला म्हणाल्या, "माहं वावर विद्यापीठाले द्याचं हाय. आमाले शाळा भेटली नाई, पोरीयले तरी भेटू दे."

मी घरी येऊन लेकीला सांगितले. तिने पहिलाच प्रश्न विचारला, "कोणत्या विद्यापीठाला?" आणि मी थबकले. आपल्या पातुरात शेतकऱ्याला विद्यापीठ म्हटले, की डोळ्यापुढे अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ येते. बियाणे आणायला आपण तिथेच जातो. कॉलेजातल्या पोरीला विचाराल तर ती म्हणेल अमरावतीचे, कारण तिची परीक्षा संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाची. आणखी गंमत अशी, की ते अमरावतीचे विद्यापीठ झाले १९८३ साली. त्याआधी आपल्या अकोला जिल्ह्यातली कॉलेजे नागपूरच्या विद्यापीठाखाली होती. समजा, आजींच्या यजमानांनी १९८० साली "आपल्या विद्यापीठाला" असे लिहून ठेवले असते, तर आज तिघांचे तीन वकील उभे राहिले असते. नाव थोडे चुकले तर कोर्ट हेतू पाहून सांभाळून घेते, असे लेक म्हणते. पण सांभाळून घेण्यासाठी आधी कोर्टात जावे लागते आणि तिथे वर्षे जातात.

दुसरी गोष्ट पुतण्याची. आजींचे वावर वीस वर्षांपासून त्यांचा पुतण्या वाहतो. पेरणी त्याची, डवरणी त्याची, कपाशीवर बोंडअळी आली तर कर्जही त्याच्याच डोक्यावर. आजींचे डोळ्याचे ऑपरेशन त्यानेच केले. तो लोभी नाही. पण उद्या आजी गेल्यावर एकाएकी कोणी कागद दाखवील, की वावर विद्यापीठाचे झाले, तर त्याला काय वाटेल? तो फिस्केच होईल, आणि त्याला दोष कोण देईल? पुण्य आजीच्या नावावर आणि बैल विकायचे पुतण्याने, हा कुठला न्याय?

इथे काही भगिनी म्हणतील, बाईच्या जातीला हा अधिकार तरी आहे का? आहे, आणि पुरता आहे. पूर्वी विधवेला नवऱ्याचे वावर मिळे ते जगेपर्यंत खायला. विकायचे नाही, कोणाला लिहून द्यायचे नाही, ती गेली की ते नवऱ्याच्या वारसांकडे परत. आजींच्या सासूला मनात असूनही असे मृत्युपत्र करता आले नसते. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने बाईकडचे धन तिचे पूर्ण मालकीचे झाले. वारशाने आलेले असो, माहेरचे असो, की स्वतः कमावलेले. तिने ते कोणालाही द्यावे. मात्र तिने काहीच न लिहिता डोळे मिटले तर कायदा आपली वाट चालतो. मूलबाळ नसलेल्या विधवेचे सासरकडून आलेले धन नवऱ्याच्या वारसांकडे जाते, आईबापांकडून आलेले बापाच्या वारसांकडे. तिच्या मनात काय होते, हे कायदा विचारायला येत नाही. एकत्र कुटुंबाच्या सामाईक जमिनीत मात्र प्रत्येकाला आपल्या हिश्श्यापुरतेच लिहिता येते, हे विसरू नये. सातबारावर चार नावे असताना एकट्याने सगळे वावर दान केल्याचे कागद लोक करतात, ते टिकत नाहीत.

मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही. साध्या कागदावर चालते. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी, म्हणजे मागाहून कोणी खोटे आहे म्हणत नाही. सही किंवा अंगठा स्वतःचा हवा आणि दोन साक्षीदार हवेत. साक्षीदारांनी आजींना सही करताना किंवा अंगठा देताना पाहिलेले असावे, किंवा हा अंगठा माझाच आहे असे आजींच्या तोंडून ऐकलेले असावे, आणि मग आजींच्या समोर आपली सही करावी. ज्याला त्या कागदातून काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये. आणि कागद कितीदाही बदलता येतो, शेवटचा असेल तो खरा. पुष्कळ बायांना वाटते, की एकदा लिहिले म्हणजे हात कापून दिले. तसे नाही. जिवंत असेपर्यंत वावर तुमचे, घर तुमचे, चावी तुमच्याच कमरेला.

खरे म्हणजे देणाऱ्याने हयातीत दिले तर तंटे कमी होतात, असे मला वाटते. आपल्या जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडातले सर हरिसिंग गौर नागपूरचे नामांकित वकील होते. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरूही होते. त्यांनी आपल्या गावी, सागरला, १९४६ साली आपल्या कमाईतून विद्यापीठ काढले आणि स्वतः त्याचे पहिले कुलगुरू झाले. अण्णासाहेब कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १९२० साली पंधरा लाखांची देणगी जाहीर केली, तीही जपानातले बायकांचे विद्यापीठ स्वतः पाहून आल्यावर. त्यांच्या मातोश्रींचे नाव विद्यापीठाला लागले ते तेव्हापासून: श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. आपण ज्याला एस. एन. डी. टी. म्हणतो त्यातली नाथीबाई म्हणजे एका मुलाची आई, हे आपल्यापैकी कितीजणींना ठाऊक होते? पण हयातीत देणे हे ज्याच्याकडे उरते त्याला शक्य. आजींनी आज वावर देऊन टाकले तर त्यांनी खायचे काय? गरिबाला मृत्युपत्रच बरे.

गेल्या सोमवारी आजींच्या ओसरीवर आम्ही बसलो. आजी, पुतण्या, त्याची बायको, मी आणि लेक. पुतण्याला आजींनी स्वतःच्या तोंडाने सगळे सांगितले. तो पहिल्यांदा काही बोलला नाही, तंबाखू मळत बसला. त्याच्या बायकोने चहा ठेवला. मग तो म्हणाला, "काकू, घर दे त्याईले. वावर मी वाहतो, ते राहू दे." आजींनी बराच वेळ विचार केला. वावर पुतण्याला, आणि गावातले घर त्यांच्या मागे विकून येईल ती रक्कम, अधिक मुदत ठेव, मुलींच्या शिक्षणासाठी विद्यापीठाला, असे ठरले. लेक म्हणाली, विद्यापीठाला दूरवरच्या चार एकर वावराची उस्तवार करण्यापेक्षा रोख रक्कम सोयीची; शिवाय शेतजमीन संस्थेच्या नावे करण्यात कायद्याच्या आणखी अडचणी असतात, त्या वेगळ्या. पातूर तालुक्यातली मुलगी, पुढच्या शिक्षणाला पैसा नाही, तिला दरवर्षी व्याजातून मदत, इतके नेमके लिहायचे.

विद्यापीठाच्या नावाची ओळ तेवढी कोरी आहे. आजी म्हणतात, जिथे आपल्या पोरी जातील ते लिहा. लेक म्हणते, असे लिहिता येत नाही. म्हणून अकोल्याला आणि अमरावतीला दोन्हीकडे पत्रे टाकली आहेत, की अशी लहान रक्कम आपण कोणत्या अटींवर स्वीकारता, आणि ती वेगळी ठेवता की मोठ्या निधीत मिसळता. उत्तर आले की ओळ भरायची. साक्षीदार एक मिळाले आहेत, आपल्या गल्लीतले निवृत्त गुरुजी. दुसरी साक्षीदार बाई असावी, असा आजींचा हट्ट आहे. वय आजींपेक्षा पुष्कळ कमी, सही येणारी आणि आजींच्या नात्यात नसलेली, अशी कोणी भगिनी तयार असेल तर तिने चहापाणी झाल्यावर मला भेटावे. मी सतरंजीच्या त्या टोकाला, ताटवाट्यांपाशी आहे.